चुडीवालीचं लायसन

"काचा उचल, बुढे. टायर पंक्चर होईल."

तो गाडीतूनच बोलला. खाली उतरला नाही. खिडकी वीतभर उघडली, तेवढ्यातून आतला गार वारा माझ्या तोंडावर आला आणि खिडकी पुन्हा बंद झाली.

मी रस्त्यावर बसलेली होते. गुडघा सोलला होता. माझी मोटारसायकल आडवी पडली होती, पेट्रोल गळत होतं. मागची पेटी फुटली होती आणि तिच्यातल्या बांगड्या डांबरावर पसरल्या होत्या. हिरव्या, लाल, पिवळ्या, मोरपंखी. लग्नसराईचा माल होता. एक लड अख्खी राहिली नव्हती. ऊन चढलेलं होतं, त्यामुळे सगळा रस्ता चमकत होता. लांबून पाहणाऱ्याला ते चांगलंही वाटलं असतं.

मी माझ्या बाजूने चालले होते. वळणावर त्याने मागून धडक दिली. मोठी पांढरी गाडी, पुढे लोखंडी गार्ड लावलेला. तिला ओरखडाही आला नव्हता. तो कुणाचा पोरगा आहे ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. बाप रस्त्यांचा ठेकेदार. ज्या रस्त्यावर मी पडले होते तोही त्यांनीच केलेला. त्याचं नाव मी लिहीत नाही. कोणती चौकी, कोणतं ऑफिस, तेही लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तिथलं तसंच आहे. तिथलंच तसं नाही.

मी काचा उचलल्या. झाडू नव्हता. हातानेच उचलल्या. पेटीत मालाखाली अंथरलेली वाळल्या पेंढ्याची तणस होती, तिचा बोळा करून बारीक काचा लोटल्या. धानाचं एक रिकामं पोतं माझ्याजवळ नेहमी असतं, त्यात भरल्या. बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा पदर गुंडाळला. दोन्ही बाजूंना जंगल, रस्त्यावर कुणी नाही. गाडीचं इंजिन सुरूच होतं. तो आत बसून फोनवर बोलत होता, मधूनच हसत होता. माझ्यावर हसत नव्हता. त्याचं काहीतरी दुसरंच चाललं होतं. ते मला जास्त लागलं.

पुढे पोलीस चौकी आहे. तिथले जमादार मोटारसायकलवर आले. त्यानेच फोन करून बोलावले होते. मला वाटलं, आता लिहून घेतील.

जमादार आधी खिडकीपाशी गेले. मग माझ्याकडे आले.

"लायसन आहे का?"

"नाई साहेब."

"नाई? आन गाडी चालवून राह्यली?"

खिडकी पुन्हा उघडली. "नाव विचारा तिचं," तो म्हणाला.

मी नाव सांगितलं. आमचं घर मुसलमानाचं, नावावरून कळतंच. तो म्हणाला, "हां. मग बरोबर." काय बरोबर, ते त्याने सांगितलं नाही. जमादारांनीही विचारलं नाही.

"बाई, भैयाले माफी माग आन चालती हो. नाई त गाडी जमा करतो."

मी माफी मागितली. मागून धडक खाल्लेल्या बाईने धडक देणाऱ्याची माफी मागितली. हात जोडायला गेले तर काचांनी चिरलेले तळवे एकमेकांना लागले आणि आग झाली.

गाडी निघून गेली. मी साफ केलेल्या रस्त्यावरून.

*

मी चुडीवाली. अहेरीला राहते. आजूबाजूच्या गावांचे आठवडी बाजार करते. माझी सासू डोक्यावर पेटी घेऊन पायी फिरायची. सासरा सायकलवर, नवरा मोटारसायकलवर. मी त्याच्या मागे पेटीला हात लावून बसायची. बाजारात बायांचे हात मी धरायची, तो माल काढून द्यायचा. तो गेला तेव्हा गाडी आणि पेटी राहिली. एसटी सगळ्या गावांना जात नाही. जिथे जाते तिथे बाजार उठल्यावर पोहोचते. मी ईदगाहच्या मैदानात भर दुपारी, कुणी नसताना, गाडी शिकले. पडले, उठले, गियर टाकायला लागले. लोक हसले, मग हसायचे थांबले. लायसनचं कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. आमच्या रस्त्यांवर किती जणांकडे असतं?

त्याच्याकडे तरी होतं का? हे जमादारांनी विचारलं नव्हतं. घरी येऊन जखमेला हळद लावताना माझ्या लक्षात आलं. मला विचारलं, त्याला नाही.

पुन्हा माल भरायला हातातल्या पाटल्या गेल्या. मुलगी नागपूरला असते. ती म्हणाली, "अम्मी, बस झालं आता. इथी येऊन राहा." तिच्याकडे जाऊन काय करायचं, भाजी निवडायची? काचांचं पोतं मी पेटीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं. फेकवत नव्हतं. का, ते तेव्हा माहीत नव्हतं.

हात बरे झाल्यावर जीपमध्ये बसून सोमारीच्या गावाला गेले. सोमारी गोंड आहे, माझ्याएवढीच म्हातारी. लग्नाच्या वेळी तिला बांगड्या माझ्या सासूने भरल्या, तिच्या लेकींना मी भरल्या. बाजाराला उशीर झाला की मी तिच्याच घरी झोपते. तिने सगळं ऐकलं. मोहाची फुलं निवडत होती, निवडतच राहिली.

"मंग आता?"

"लायसन काढतो."

"त्यानं काय होते?"

"पुढच्या वेळी तोंड बंद राह्यत नाई."

"तुयं तोंड कवा बंद होतं वं बाई?" ती म्हणाली.

बंद होतं. रस्त्यावर बंद होतं. तेच तर होतं सगळं.

*

लायसन कसं काढतात ते मी सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी शिकाऊ निघतं. आधार लागतं, फोटो लागतो. चाळिशीच्या वर असलं तर डॉक्टरचा दाखला लागतो. मी साठीच्या वर. डॉक्टरने डोळे पाहिले, गुडघे पाहिले आणि विचारलं, "हौस म्हणून का, मावशी?" मी म्हणाले, पोट म्हणून. मग आरटीओच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसवतात. एकेक प्रश्न येतो, खाली उत्तरं, त्यातलं बरोबर दाबायचं. मी चौथी शिकलेली. पण बांगड्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून येतात, आणि ते कागद वाचायची सवय माझी सुटली नाही. माल संपतो तसा पेपर वाचून होतो.

बाजूला कॉलेजची पोरं भराभर दाबत होती. मी हळू. चिन्हं ओळखली. शाळा, पूल, वळण. मग एक प्रश्न आला. तुमच्या वाहनाकडून अपघात झाल्यास तुम्ही काय कराल?

खाली लिहिलेलं होतं. निघून जाईन, असं एक होतं. गाडी थांबवून जखमीला मदत करीन आणि पोलिसांना कळवीन, असं एक होतं.

मी बराच वेळ त्या उत्तराकडे पाहत बसले. घड्याळाचे आकडे पळत होते. म्हणजे हे लिहिलेलं आहे. सरकारने लिहून ठेवलेलं आहे, शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी विचारतात. मला वाटत होतं की रस्त्यावर जे झालं ते नशीब. मोठी गाडी, लहान गाडी, असं असतंच. पण इथे ते प्रश्नात होतं, आणि बरोबर उत्तर एकच होतं. त्यानेही कधीतरी ते दाबलं असेल. किंवा त्याच्या नावाने दुसऱ्या कुणी दाबलं असेल.

मी बरोबर उत्तर दाबलं. पास झाले.

शिकाऊ मिळाल्यावर महिना थांबावं लागतं. मग पक्क्या लायसनची परीक्षा. मैदानात चुन्याने आठ काढलेला असतो. त्या आठावरून गाडी फिरवायची. पाय टेकायचा नाही. टेकला की नापास. एवढंच.

एवढंच, पण माझा घोळ तिथेच झाला.

काचेच्या मालाची गाडी वेगळी चालते. आम्ही चुडीवाले वळण आलं की वेग तोडतो आणि आतल्या बाजूचा पाय खाली सोडतो. चप्पल जमिनीला घासत घासत वळतो. गाडी कललीच तर पाय धरतो, माल वाचतो. सासरा सायकल तशी वळवायचा, नवरा मोटारसायकल तशी वळवायचा. नवऱ्याने मला गियर शिकवले नाहीत, पण हे त्याच्या मागे बसून मी शिकले. आमच्या घरातल्या सगळ्या चपला कडेने झिजलेल्या असतात. वळताना पाय वर ठेवणं हे आमच्यात माजलेपणाचं लक्षण.

मैदानावर रांग होती. सगळी तरणी पोरं. दलालाकडून आलेले झाडाखाली बसले होते, त्यांची नावं आधी पुकारली जात होती. त्यातल्या एकाने गाडी सुरू केली, चार हात नेली आणि उतरला. पास. माझी पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. लुगड्याचा कासोटा मारून मी गाडीवर बसले. साहेब खुर्चीत होते, पुण्याकडचं बोलत होते.

"आजी, नातवाची गाडी का?"

"माही आहे."

रांगेतले हसले.

मी निघाले. पहिलं वळण आलं आणि माझा पाय आपोआप खाली गेला. मला कळलंही नाही. दुसऱ्या वळणाला दुसरा पाय. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अबे, बुढीच्या गाडीले चार चाकं आहेत! दोन रबराचे, दोन पायाचे!" मग सगळं मैदान हसलं. झाडाखालचे उठून पाहायला आले.

"पाय टेकला. नापास," साहेब म्हणाले.

"साहेब, मागं काचा असतात म्हणून."

साहेबांनी मान लांब करून माझ्या गाडीच्या मागे पाहिलं. "कुठे आहेत काचा?"

मागे काही नव्हतं. रिकामी सीट. पुन्हा हसले सगळे. माझे कान तापले. त्या दिवशी रस्त्यावर तापले होते तसेच. तिथे एकटी होते, इथे मैदान भरलेलं होतं, एवढाच फरक.

साहेब वाईट माणूस नव्हते. हसू थांबल्यावर त्यांनी मला खुर्चीजवळ बोलावलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "आजी, असं करू. बिनगियरचा अर्ज करा. स्कूटीवर मैदानात एक चक्कर मारा, मी पास करतो. मग तुम्ही कुठलीही गाडी चालवा. तुमच्या जंगलात कोण बघतंय?"

त्यांना वाटलं, ते उपकार करत आहेत. मी दमलेली होते. सकाळपासून पाण्याशिवाय काही पोटात नव्हतं. घ्यावं आणि जावं, असं क्षणभर वाटलं. कार्ड तर कार्ड. पण मला जमादार दिसले. बिनगियरचं कार्ड हातात धरून विचारतील, गाडी गियरची आणि लायसन कशाचं? पुन्हा माफी मागायची. पुन्हा काचा.

"कोन पाहते ते मले माहीत आहे साहेब," मी म्हणाले. "मी गियरची गाडी चालवतो. गियरचंच पाहिजे."

"अहो, तुमच्या सोयीसाठी सांगतोय."

"सोय नको."

साहेबांचा चेहरा बदलला. उपकार परत केला की माणसं अशी बदलतात. "मग शिकून या. माझा वेळ घेऊ नका. पुढचा!"

मी गाडी ढकलत मैदानाबाहेर नेली. सुरू करायची ताकद नव्हती. पण एक गोष्ट झाली होती. त्या दिवशी मी कुणाची माफी मागितली नव्हती.

*

आठ शिकवला सोमारीने. तिला गाडी येत नाही. आकडेही येत नाहीत. तिच्या घरामागच्या खळ्यात मी राखेने आठ काढला तर ती कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"हे काय होय?"

"आठ होय. याच्यावरून फिराचं, पाय न टेकवता."

"हे त दोन बांगड्या होय," ती म्हणाली. "एकीले एक लावून ठेवल्या."

मी आयुष्यभर बांगड्याच विकल्या. मला दिसलं नव्हतं.

पण दिसून काय होतं? पाय ऐकत नव्हता. वळण आलं की खाली. डोकं सांगायचं वर ठेव, पाय म्हणायचा माल फुटेल. मागे माल नाही, तरी पायाला ते पटत नव्हतं. मी शिव्या द्यायची, सोमारी बसून तंबाखू मळायची. शेवटी ती उठली आणि जंगलात गेली. परतली तेव्हा हातात पानांचा द्रोण होता, त्यात खाजकुयरीच्या वाळलेल्या शेंगा. त्या शेंगांची लव अंगाला लागली की माणूस वेड्यासारखा खाजवतो. तिने काडीने ती लव खरडून राखेच्या दोन्ही बाजूंना टाकली. वाऱ्याकडे पाठ करून, बेताने.

"चपला काढ," ती म्हणाली.

"पागल झाली का वं?"

"काढ. आता ठेव पाय, कसा ठेवते पाहू."

ठेवला. त्या दिवशी मी पाय गोमूत्राने धुतले, राखेने घासले, मातीत घोळले. सोमारी हसून हसून भिंतीला टेकली. "तुया साहेबाच्या खुर्चीत टाकाले ठेवू का थोडी?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग बाजार सोडून बाकीचे सगळे दिवस तेच. हळूहळू पाय वर राहायला लागला. गाडी कलली तरी पडत नाही, वेग थोडा ठेवला की ती स्वतःच उभी राहते, हे म्हातारपणी कळलं. बाजाराच्या दिवशी पेटी बांधली की मात्र पाय पुन्हा खालीच. ते मी मोडलं नाही. माल माझा आहे.

दुसऱ्या परीक्षेला मैदान तेच, साहेब तेच. त्यांना मी आठवत नव्हते. मी दोन्ही बांगड्या फिरून आले. साहेबांनी मान वर न करता टिक केली. "पुढचा."

पोस्टाने कार्ड आलं. फोटोत मी चोरासारखी दिसते. मी कार्ड हातात घेऊन दारात बसले. आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. फार थकवा आला. एवढ्याशा कार्डासाठी एवढं. आणि हे माझ्याजवळ नव्हतं म्हणून त्याने मला मागून ठोकलेलं माफ झालं होतं?

तेव्हा मला ते नीट दिसलं. लायसन नव्हतं, हा माझा गुन्हा. त्याचा दंड असेल तो माझा. मागून धडक दिली, हा त्याचा गुन्हा. माझ्या गुन्ह्याने त्याचा गुन्हा धुतला जात नाही. जमादारांनी दोन्ही एका पोत्यात घातले आणि पोतं माझ्या हातात दिलं.

मी उठले. कोपऱ्यातलं पोतं ओढलं, झटकलं, गाडीला बांधलं.

*

चौकीत जमादार चहा पीत होते.

"काऊन वं बाई, आज बाजार नाई का?"

"आहे. पहिले हे लिहा."

मी पोतं टेबलासमोर ठेवलं. आत काचा वाजल्या.

"काय आहे हे?"

"माह्या काचा. वळणावर पांढऱ्या गाडीनं मागून ठोकलं, त्या दिवसाच्या. तुमीच आले होते."

जमादारांनी चहा खाली ठेवला. "ते जुनं झालं."

"जुनी झाली म्हणून काच मऊ होत नाई."

"लायसन आहे का तुझ्याजवळ?"

मी कार्ड दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. मग त्यांना हसू आलं, कारण त्यांना सापडलं. "हे आताचं आहे. तवा नव्हतं."

"तवा नव्हतं. त्याचा माहा दंड लिहा. तो मी भरतो. मंग त्याची धडक लिहा."

"तुले समजते का, तो कोन आहे?"

"समजते. त्याचंही लायसन मागा. मले मागितलं होतं."

त्यांनी बाहेर पाहिलं, आत पाहिलं. मग म्हणाले, "मोठे साहेब नाईत. नंतर येजो. आन हे पोतं उचल इथून."

उचल. पुन्हा तोच शब्द.

"नाई उचलत," मी म्हणाले.

"काय?"

"एकदा उचलल्या. आता नाई उचलत."

कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि बाहेर आले. मागून हाक मारत होते. मी गाडी सुरू केली.

लिहितील, असं मला वाटत नाही. त्याचा बाप मोठा आहे, मी चुडीवाली आहे. पण चौकी माझ्या बाजाराच्या वाटेवर आहे. मी दर बाजाराला तिथे थांबते, गाडी उभी करते, आत जाते आणि विचारते, लिहिलं का? नाही म्हणतात. मी जाते. पुढच्या बाजाराला पुन्हा विचारते. पोतं त्यांनी कोपऱ्यात सरकवलं आहे. ते मी आणणार नाही. कुणाला पायात काच लागत असेल तर त्याने लिहावं, नाहीतर स्वतः वाकून उचलावं.

मी वाकणार नाही.